आत्याचा गुडघा: निकेलची ॲलर्जी म्हणून सात महिने जे चाललं, ते नक्की काय होतं

पेशंट म्हणजे माझी आत्या. वय ६७, गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते, डायबेटिस जुना, वजन जरा जास्त आणि दोन्ही गुडघे झिजलेले. त्यातला उजवा जूनमध्ये एका खाजगी हॉस्पिटलात बदलला, ऑपरेशन सरळ झालं, चौथ्या दिवशी वॉकर घेऊन घरी. पुढच्या सात महिन्यांत त्या गुडघ्याला घरातल्यांनी, शेजारच्यांनी, दोन-तीन डॉक्टरांनी मिळून जी नावं दिली त्यात सगळ्यात जास्त चाललेलं नाव म्हणजे "मेटलची ॲलर्जी". हे सगळं सविस्तर लिहायचं कारण हेच, की ते नाव अगदी पटण्यासारखं होतं, एकेक लक्षण त्यात बसत होतं, आणि तरी ते चुकीचं होतं. मी इम्युनॉलॉजीत एमएस्सी करून आता एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीला काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे इथे लिहितेय ते आत्याच्या फाइलमधलं, तिच्या सर्जननी समजावलेलं आणि माझ्या विषयातलं मला जे पक्कं ठाऊक आहे ते. ओळख पटेल असे तपशील बदललेत, हॉस्पिटलांची नावं मुद्दाम देत नाही.

आधी आत काय काय बसवलं होतं ते सांगते. मांडीच्या हाडाच्या टोकावरचा भाग कोबाल्ट-क्रोमियम-मॉलिब्डेनमचा, नडगीच्या बाजूचा ट्रे टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, दोघांच्या मध्ये पॉलिएथिलीनचा जाड तुकडा, आणि हे हाडाला धरून ठेवायला बोन सिमेंट, म्हणजे पीएमएमए नावाचं ॲक्रिलिक. त्या कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रणात थोडं निकेलही असतं. एक टक्क्याच्या आत, पण असतं. पुढचा सगळा गोंधळ या एका टक्क्यावरनं झाला.

आता लक्षणं. पहिली गोष्ट कोणी मनावरच घेतली नाही: टाक्यांच्या खालच्या टोकातनं पाणी येत राहिलं. पू नाही, पातळ पिवळसर पाणी, ड्रेसिंग ओलं व्हायचं, आणि हे दहा-बारा दिवस चाललं. पावसाळा सुरू झालेला, घरात दमट, सगळे म्हणाले हवेमुळे जखम सुकत नाहीये. तेव्हाचं एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, ८.६ होतं, हे फाइलमध्ये लिहिलेलं आहे पण त्यावर कोणी काही बोलल्याचं आत्याला आठवत नाही. दुसरी गोष्ट, दुखणं पूर्ण असं कधी थांबलंच नाही. गुडघा बदलल्यावर तो गरम लागणं, सूज राहणं हे पाच-सहा महिने, कधी वर्षभरही चालू शकतं हे खरंय, आणि तसं सगळ्यांना सांगतातच, पण ते हळूहळू उतरत जायला हवं ना. आत्याचं उतरत नव्हतं. रात्री झोपेतनं उठून बसायची. "अगं, आत कोणी निखारा ठेवलाय असं वाटतं गं," असं ती मला फोनवर म्हणाली तेव्हा ऑक्टोबर चालू होता, म्हणजे चौथा महिना सरलेला.

मग नोव्हेंबरात त्या जागी रॅश आलं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा लाल, खरखरीत, खाजणारा पट्टा. इथपर्यंत जे लोक "होईल हळूहळू" म्हणत होते त्यांना आता एकदम उत्तर सापडलं. कारण आत्याला खोटे दागिने चालत नाहीत हे अख्ख्या चाळीला माहीत आहे. स्वस्तातले कानातले घातले की कान सुजतात, ब्लाउजच्या हुकाचे पाठीवर चट्टे उठतात, घड्याळ ती मनगटाला रुमाल गुंडाळून वर बांधते. दादा, म्हणजे तिचा मुलगा, बँकेत आहे, आईसाठी जीव टाकणारा माणूस, त्याने रात्र-रात्र बसून वाचलं आणि मला म्हणाला, "आईला साध्या हुकाचं निकेल सोसत नाही आणि आपण अख्खा गुडघा धातूचा बसवला. बॉडी रिजेक्ट करणारच ना!"

त्याने स्किनच्या डॉक्टरांकडे नेऊन पॅच टेस्ट करून घेतली. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, आणि तेव्हा एकदा आणि मग आणखी दोन-तीन दिवसांनी परत बघतात. निकेल पॉझिटिव्ह, कोबाल्ट निगेटिव्ह, क्रोमियम निगेटिव्ह. दादाच्या दृष्टीने केस तिथेच संपली. दुसऱ्या एका सर्जनकडे चौकशी झाली, तिथनं "गोल्ड नी" सुचवला गेला. यात सोनं नसतं, धातूवर टायटॅनियम नायट्राइड किंवा टायटॅनियम-निओबियम नायट्राइडचा पातळ थर असतो, त्याचा रंग सोनेरी दिसतो, आणि त्या थरामुळे आतल्या धातूचे आयन बाहेर कमी झिरपतात. कल्पना वाईट नाही. पण ठरत होतं असं, की आहे तो गुडघा काढायचा आणि त्याच ऑपरेशनमध्ये हा बसवायचा. जानेवारीची तारीखसुद्धा बघून झाली होती.

आणि या सगळ्यात गुडघ्यात सुई घालून आतलं पाणी काढून कोणी एकदाही तपासलं नव्हतं.

याउलट काय झालं होतं? गुडघा गरम दिसला म्हणून जवळच्या डॉक्टरांनी ऑक्टोबरात पाच दिवस आणि नोव्हेंबरात सात दिवस तोंडाने घ्यायची अँटिबायोटिक दिली. दोन्ही वेळा थोडं बरं वाटलं, गोळ्या संपल्या की परत तेच. घरात याचा अर्थ असा लावला गेला की अँटिबायोटिकने गेलं नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, मग ॲलर्जीच. मला हे ऐकून खरंच भीती वाटली, कारण लॅबमध्ये आम्ही याच्या बरोब्बर उलट शिकतो: गोळ्यांनी दबतं आणि गोळ्या थांबल्या की उसळतं, हीच इम्प्लांटवरच्या इन्फेक्शनची चाल असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी नॉर्मल, ताप नाही, हे दोन मुद्दे दादा पुन्हा पुन्हा सांगत होता, पण हळू चालणाऱ्या सांध्याच्या इन्फेक्शनमध्ये हे दोन्ही नॉर्मल असणं अगदी नेहमीचं आहे. शरीरात कुठे दाह चाललाय का ते सांगणाऱ्या दोन रक्ततपासण्या मात्र वाढलेल्या होत्या, सीआरपी १४ आणि ईएसआर ४८. ऑपरेशननंतर सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खूप वर जातो आणि मग काही आठवड्यांत खाली येतो, सहा महिन्यांनी तो १४ राहायला काहीतरी कारण लागतं.

इथे जरा थांबून हे सांगते की शरीर आत घातलेल्या वस्तूशी नक्की काय करतं, कारण "रिजेक्ट" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर किडनी येते. दुसऱ्याची किडनी म्हणजे दुसऱ्याच्या जिवंत पेशी, त्यांच्यावरच्या खुणा वेगळ्या, त्या ओळखून टी-पेशी, म्हणजे परकं ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी, हल्ला करतात. टायटॅनियमवर किंवा प्लास्टिकवर अशा खुणाच नसतात. तिथे वेगळंच चालतं. इम्प्लांट रक्ताला लागला की काही सेकंदांत त्याच्यावर प्रोटीनचा थर बसतो: अल्ब्युमिन, अँटिबॉडी, फायब्रिनोजेन, आणि हे एकमेकांना ढकलून जागा बदलत राहतात. त्यापुढे पेशींना धातू दिसतच नाही, दिसतो तो हा थर. कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली संरक्षक प्रोटीनं, जागं होतं, काही तासांत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, येतात, एक-दोन दिवसांत मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन मॅक्रोफेज होतात. मॅक्रोफेजचं कामच गिळायचं. पण सहा-सात सेंटिमीटर रुंदीचा धातू कोण गिळणार? मग त्या पृष्ठभागावर पसरून बसतात, आयएल-४ आणि आयएल-१३ हे निरोप मिळाले की एकमेकांत मिसळून एकेक मोठी, खूप केंद्रकं असलेली पेशी बनवतात, आणि ती तिथे वर्षानुवर्षं राहते. बाहेरनं फायब्रोब्लास्ट, म्हणजे जखम भरणाऱ्या पेशी, येऊन कोलॅजनचं आवरण विणतात. हे सगळं प्रत्येक इम्प्लांटभोवती थोड्याफार प्रमाणात होतं, ज्यांचा गुडघा उत्तम चाललाय त्यांच्यातही होतं. हाडात घट्ट बसणारं टायटॅनियम असो, हर्नियाची जाळी असो की पेसमेकर, शरीराने दखलच घेतली नाही असं काही नसतं. म्हणून "शरीर रिॲक्ट करतंय का" हा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. विचारायचं हे, की आत्ता तिथे कुठल्या पेशी जमल्यात आणि त्यांना कोणी बोलावलंय.

आणि या सगळ्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग पेशंटच्या घरच्यांना जवळजवळ कधीच सांगितला जात नाही. परकी वस्तू आत असली की तिच्या आजूबाजूचा बंदोबस्त कमजोर होतो. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी माणसांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस हे जंतू टोचून बघितलं होतं, पू व्हायला काही दशलक्ष जंतू लागले, आणि तिथेच रेशमी टाक्याचा धागा ठेवला तर काही शेकड्यांत काम झालं, म्हणजे फरक जवळपास दहा हजार पट. एका धाग्याने. १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधले झिमर्ली आणि त्यांचे सहकारी यांनी गिनीपिगच्या कातडीखाली छोटे पोकळ पिंजरे बसवून बघितलं तर शंभरेक जंतूसुद्धा इन्फेक्शनला पुरेसे होते, आणि त्या पिंजऱ्यातले न्यूट्रोफिल बाहेर काढून तपासले तर त्यांची जंतू मारायची ताकद कमी झालेली निघाली. कारण न गिळता येणाऱ्या वस्तूला भिडून त्यांनी आपला दारूगोळा आधीच उडवून टाकलेला असतो. मग खरा जंतू येतो तेव्हा हातात काही नाही. तो जंतू पृष्ठभागावर चिकटतो, भोवती चिकट थर म्हणजे बायोफिल्म तयार करतो, आणि त्या थरातल्या जंतूंना मारायला नेहमीच्या शेकडो पट औषध लागू शकतं. पृष्ठभाग आधी कोण धरतो, शरीराच्या पेशी की जंतू, यावर पुढचं सगळं ठरतं, ही मांडणी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये केली आणि ती आजही शिकवतात.

आता आत्याकडे परत. तिची जखम दहा-बारा दिवस पाझरत होती, साखर वर होती. पृष्ठभाग कोणी आधी धरला असेल ते यावरनंच बरंचसं दिसत होतं.

मी दादाशी वाद घालत बसले नाही, कारण तो बोलत होता त्यात काळजी होती. मी त्याला फक्त आत्याची जुनी पिशवी काढायला लावली. आत्या सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवते, त्यात जुनं डिस्चार्ज कार्ड सापडलं: कैक वर्षांपूर्वी ती चर्नी रोड स्टेशनच्या पुलावर घसरून पडली, मनगट मोडलं, तेव्हा बसवलेली प्लेट. स्टेनलेस स्टीलची. ती अजून आत आहे. इम्प्लांटच्या स्टीलमध्ये निकेल दहा टक्क्यांहून जास्त असतं. एवढं निकेल इतकी वर्षं हाताच्या हाडावर बसलंय आणि कधी खाज नाही, सूज नाही, काही नाही, आणि गुडघ्यातलं एक टक्क्याच्या आतलं निकेल मात्र आग लावतंय, हे कसं? दादा गप्प झाला. पटला असं नाही, पण सेकंड ओपिनियनला तयार झाला, आणि तेवढं पुरे होतं.

पॅच टेस्टबद्दलही सांगते. ती खोटी नव्हती, आत्याला निकेलची ॲलर्जी आहेच. युरोपातल्या पाहण्यांत मोठ्या माणसांपैकी ८ ते १९ टक्के लोकांची निकेल टेस्ट पॉझिटिव्ह येते, बायकांमध्ये जास्त. त्यांतल्या कितीतरी जणांचे गुडघे, खुबे बदलले जातात आणि बहुतेकांना काहीही होत नाही. निकेलचा आयन घामाने सुटून कातडीत जातो, तिथल्या प्रोटीनला चिकटतो, कातडीतल्या लँगरहान्स पेशी तो टी-पेशींना दाखवतात, दोन-तीन दिवसांत चट्टा उठतो, ही झाली टाइप फोर म्हणजे उशिरा येणारी ॲलर्जी. पण कातडीत जे घडतं तेच खोल सांध्यात घडेल असं नाही. धातूवरच्या टी-पेशींच्या प्रतिक्रियेने सांधा खराब होतो हे होतंच नाही असं मी म्हणत नाही, होतं, धातूवर धातू घासणाऱ्या खुब्यांमध्ये तर ते नीट नोंदवलं गेलंय. पण ते निदान बाकी सगळं वगळल्यावर शेवटी करायचं असतं, आणि इथे तेच सगळ्यात आधी करून टाकलं होतं.

जानेवारीत आम्ही तिला परळला पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. तिथल्या सर्जननी फाइल उलटून पहिला प्रश्न विचारला, "टाके काढेपर्यंत जखम कोरडी होती का?" मग दुसरा, "आजी, ऑपरेशननंतर एक तरी महिना असा गेला का, की दुखलं नाही?" आत्या म्हणाली, "नाही हो डॉक्टर, एक दिवससुद्धा नाही." बास, म्हणाले, सगळ्या गोळ्या बंद, दोन आठवडे एकही अँटिबायोटिक नाही, मग पाणी काढू. दादाला हे फार जड गेलं, गरम गुडघ्यावर औषध बंद? पण औषध चालू असताना काढलेल्या पाण्यात जंतू बऱ्याचदा उगवत नाहीत आणि मग निगेटिव्ह रिपोर्टवर सगळे निश्चिंत होतात, हा धोका जास्त मोठा. एक्स-रेमध्ये ट्रेखाली एक बारीक काळी रेघ दिसत होती, ढिला झालाय असं म्हणण्याइतकी नाही.

त्या दिवशी टॅक्सी हाफकिन इन्स्टिट्यूटच्या बाजूने गेली, प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिनच्या नावाची ती संस्था. मला तिथनं जाताना दर वेळी आठवतं की हाफकिन ज्यांचा ओदेसातला विद्यार्थी आणि मग पॅरिसमध्ये ज्यांच्या हाताखाली होता ते मेचनिकोव्ह, आणि आपण आज ज्याला इनेट इम्युनिटी, म्हणजे जन्मजात प्रतिकारशक्ती, म्हणतो त्याची सुरुवात त्यांनी केली ती एका टोचलेल्या काट्यापासून. १८८२ साली सिसिलीत मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत गुलाबाचे काटे खुपसले आणि सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर काट्याभोवती हलत्या पेशींचा घोळका. १९०८ चं नोबेल त्या कामाला. म्हणजे शरीरात घातलेल्या परक्या वस्तूभोवती पेशी जमतात ही या विषयातली पहिलीवहिली गोष्ट आहे, आणि त्यांचा शिष्य १८९६ च्या प्लेगमुळे मुंबईत येऊन १८९७ च्या जानेवारीत लस स्वतःला टोचून घेऊन मोकळा झाला. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "माझ्या आजीच्या तोंडी प्लेगच्या गोष्टी होत्या," आणि मग परळ येईपर्यंत आजीबद्दलच बोलत राहिली, गुडघ्याचा विषय नाही.

पाणी काढलं. जवळपास १५ मिली, गढूळ पिवळं. इथे दोन गोष्टी नीट झाल्या ज्या बऱ्याचदा होत नाहीत. एक, पाण्याचा काही भाग तिथल्या तिथे ब्लड कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या, बाटल्यांत भरला, कोरड्या नळीत पाठवण्यापेक्षा त्यात जंतू उगवायची शक्यता बरीच वाढते. दुसरी, फॉर्मवर स्पष्ट लिहिलं की कल्चर १४ दिवस ठेवा. असं लिहिलं नाही तर पुष्कळ लॅब पाच दिवसांत "नो ग्रोथ" देऊन प्लेट टाकून देतात, त्यांचंही चुकत नाही, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आणि मुंबई आहे, त्यामुळे टीबीची सीबीनॅट टेस्टही पाठवली, ती निगेटिव्ह आली.

पेशींचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी: एका मायक्रोलिटरमागे ११,४०० पांढऱ्या पेशी, त्यात न्यूट्रोफिल ८६ टक्के. बदललेल्या सांध्यासाठी हळू चालणाऱ्या इन्फेक्शनची रेषा ३,००० आणि ८० टक्क्यांच्या आसपास धरतात. साध्या सांध्यासाठी वापरतात ते ५०,००० वगैरे आकडे इथे लागू नाहीत, आणि हे माहीत नसल्यामुळे "फक्त अकरा हजार" म्हणून असे रिपोर्ट सोडून दिलेले मी पाहिलेत. निकेलच्या टी-पेशींचं काम असतं तर इथे लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशी ज्या गटात येतात त्या पांढऱ्या पेशी, जास्त दिसायला हवे होते. ८६ टक्के न्यूट्रोफिल म्हणजे यांना जंतूंनी बोलावलंय, असं मी दादाला त्याच रात्री सांगितलं, अजून कल्चर यायचं होतं तरी.

चौथ्या दिवशी बाटलीत उगवलं: स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. आता हा जंतू आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो, त्यामुळे एका बाटलीत आला तर "कातडीवरनं आला असेल" म्हणून टाकून देता येतो. आणि इम्प्लांटवर बायोफिल्म करण्यात हाच पटाईत. म्हणून पक्कं म्हणायला तोच जंतू किमान दोन वेगवेगळ्या नमुन्यांत यायला लागतो. सर्जननी सरळ सांगितलं, पेशींवरनं मला खात्री आहे, बाकी ऑपरेशनमध्ये पाच ठिकाणचे तुकडे वेगवेगळ्या अवजारांनी घेऊन पाठवीन.

आणि हा गुडघा काढायला लागेल, हेही तेव्हाच सांगितलं. ऑपरेशनला काही आठवडेच झाले असते तर नुसतं धुऊन, मधला प्लास्टिकचा तुकडा बदलून इम्प्लांट वाचवता येतो. सात महिन्यांच्या बायोफिल्मला ते लागू पडत नाही. आत्या ऐकून खूप रडली. ती फक्त एवढंच म्हणत होती की परत त्या जिन्यावरनं खुर्चीत उचलून न्यावं लागेल मला. चाळीच्या लाकडी जिन्याची ती काळजी अगदी खरी होती, पहिल्या वेळी चार पोरांनी धरून वर नेलं होतं.

फेब्रुवारीत पहिलं ऑपरेशन. सगळा धातू, सगळं सिमेंट, आतलं सुजलेलं अस्तर काढलं, आणि जागा धरून ठेवायला अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गुडघा, ज्याला स्पेसर म्हणतात, तो ठेवला. पाचपैकी चार तुकड्यांत तोच एपिडर्मिडिस आला, औषधांना दाद देण्या-न देण्याची यादीही पहिल्या पाण्याशी जुळणारी, मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मी दोनदा वाचला, कारण खरा निकाल तिथे होता: अस्तरात न्यूट्रोफिलचे थवे, हाय पॉवर फील्डमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपखाली मोठं करून बघितलेल्या एका भागात, पाचाहून कितीतरी जास्त, रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइटचे गोळे नाहीत, पॉलिएथिलीनचे कण धरून बसलेले मॅक्रोफेज मोजकेच. त्यात ॲलर्जीचं चित्र कुठेच नव्हतं. मी दादाला रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा तो पहिलं वाक्य हे बोलला: "म्हणजे जानेवारीत आपण तो सोनेरी गुडघा बसवला असता तर?" तर नवा कोरा पृष्ठभाग थेट जंतूंच्या हातात दिला असता. दुसरं काही झालं नसतं.

सहा आठवडे रोज शिरेतनं टायकोप्लॅनिन हे अँटिबायोटिक. हॉस्पिटलात नाही, चाळीजवळच्या नर्सिंग होममध्ये, वहिनी सकाळी ऑफिसच्या आधी घेऊन जायची. दर आठवड्याला क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, आणि सीआरपी. या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, तो नुसता कंटाळ्याचा आणि इन्सुलिनचा काळ होता, साखर मात्र पहिल्यांदाच कोणी मनावर घेतली आणि एचबीए१सी ७.२ ला आलं. औषध थांबवून दोन आठवडे वाट बघितली, सीआरपी ३ वरच राहिला, मग मे महिन्यात दुसरं ऑपरेशन.

आता कुठला धातू? दादाने परत सोनेरीचा विषय काढला आणि तो प्रश्न योग्य होता, पॅच टेस्ट पॉझिटिव्ह आहे ना. सर्जनचं म्हणणं असं: रिव्हिजनला, म्हणजे आधीचा काढून परत बसवताना, लांब दांड्याचे, वेगवेगळ्या मापांचे भाग लागतात, तो संच कोबाल्ट-क्रोममध्ये सगळ्या मापांत हाताशी असतो, आणि मनगटातली प्लेट इतकी वर्षं साक्ष देतेय. खर्चाचंही सांगते. एनपीपीए या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटची कमाल किंमत बांधून दिली, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमच्या संचाला ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमला ७६,६००, आणि रिव्हिजनच्या संचाला १,१३,९५०, जीएसटी वेगळा. म्हणजे त्याच हिशोबाने बघितलं तर पहिल्याच वेळी टिकणाऱ्या गुडघ्यापेक्षा हा दुपटीहून महाग, औषधं आणि बुडालेल्या रजा अजून धरल्याच नाहीत. शेवटी कोबाल्ट-क्रोमच बसवला. ज्या धातूवर सात महिने आळ होता, तोच.

आज त्याला वर्ष उलटून गेलंय. गुडघा गार आहे. रात्रीचं दुखणं गेलं. वाकतो ९५ अंशांपर्यंत, पहिल्यासारखा कधी वाकणार नाही, मांडी घालून बसणं संपलं. सीआरपी दर तीन महिन्यांनी बघतात, पाचच्या आतच. तोच धातू, तेवढंच निकेल, तीच आत्या, आणि काही नाही. एका पेशंटवरनं निकेलबद्दल सरसकट काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, पण या पेशंटमध्ये गुन्हेगार कोण होता ते एवढ्यावरनं पुरेसं कळतं.

राहिला तो रॅश, ज्याने सगळ्यांना भुलवलं. तो इन्फेक्शनचाही नव्हता आणि निकेलचाही नव्हता. गुडघ्याच्या मधोमध उभा छेद घेतला की सॅफेनस नर्व्हची, म्हणजे पायाच्या कातडीला स्पर्श कळवणाऱ्या एका नसेची, एक बारीक फांदी बहुतेक वेळा कापली जाते, म्हणून व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो. त्याच बधिर पट्ट्यात काही महिन्यांनी कातडी कोरडी पडून एक्झिमा होऊ शकतो, घाम आणि तेलाचं नियंत्रण बिघडल्यामुळे असं मानतात. आत्याचा रॅश बरोब्बर त्याच पट्ट्यात होता, व्रणाच्या आतल्या बाजूला एक ठिपकाही नाही, आणि सर्जननी कापूस फिरवून विचारलं तेव्हा तिथे तिला स्पर्शच कळत नव्हता. स्किनच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम थोडे दिवस आणि मॉइश्चरायझर रोज लावायला दिलं, एवढ्यावर तो गेला. आत्या त्याच्यावर मधल्या काळात तीन प्रकारचे बाम चोळत होती हे नंतर कळलं, ते बंद केल्यानेही फरक पडला असणार.

आता डावा गुडघा. तो कधीचा झिजलाय आणि उजव्यामुळे त्याच्यावर दोन वर्षं जास्तीचा भार पडलाय, एक्स-रेत हाडाला हाड टेकलंय. आत्या तयार आहे, उलट दादाच घाबरतोय. सर्जननी तारीख दिलेली नाही, एचबीए१सी साडेसातच्या खाली सलग राहिलं पाहिजे, दातांचं राहिलेलं काम आधी उरकायचं, आणि ऑपरेशन पावसाळ्यानंतर, तेही जिन्याचा प्रश्न सोडवून. मजल्यावरच्या मंडळींनी पहिल्या मजल्यावरची एक बंद खोली महिनाभर द्यायचं कबूल केलंय. धातूचं विचारलं तर आत्याने स्वतःच सांगितलं, "तोच घाला, मला सोसलाय तो. फक्त टाक्यातनं पाणी आलं तर मी पाचव्या दिवशी तुमच्या दारात येऊन बसणार." सर्जन म्हणाले, "पाचव्या नको आजी, तिसऱ्याच दिवशी या."